वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या जुन्या मोटारीचे जाम इंजिन सोडवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात धरमपेठ, सिव्हिल लाइन्स किंवा महालातील जुन्या घरांच्या मागच्या अंगणात आजही एखादी अँबेसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी ताडपत्रीखाली उभी आढळते. वडिलांची किंवा आजोबांची ही गाडी पुन्हा चालवावी असे घरातील कोणाच्या तरी मनात येते, बॉनेट उघडले जाते आणि इंजिन तसूभरही फिरत नाही असे लक्षात येते. अशा वेळी मला जे प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः पेट्रोलवर चालणाऱ्या चार सिलिंडरच्या गाड्यांची आहेत.

इंजिन खरोखरच जाम झाले आहे, हे कसे ठरवावे?

इंजिनाला दोष देण्यापूर्वी त्याच्या सोबत्यांची तपासणी करावी. गाडी न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करावी, बॅटरीच्या तारा काढाव्यात आणि फॅनबेल्ट उतरवून वॉटर पंप व डायनामो हाताने वेगवेगळे फिरवून पाहावेत. त्यानंतर सेल्फकडे (स्टार्टर मोटरकडे) वळावे. जुन्या सेल्फचा पिनियन (छोटा दातेरी गियर) फ्लायव्हीलच्या (इंजिनामागच्या जड चाकाच्या) दात्यांत अडकून बसला असेल, तर क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) फिरत नाही आणि बाहेरून पाहणाऱ्याला इंजिन जाम झाल्यासारखेच वाटते. अँबेसिडरच्या जुन्या सेल्फच्या मागच्या टोकाला पत्र्याच्या टोपीखाली शाफ्टचा चौकोनी शेंडा असतो. त्याला पाना लावून शाफ्ट थोडा फिरवला की पिनियन मागे सरकतो. ‘इंजिन गेले, भंगारात द्या’ असा निकाल लागलेली एक अँबेसिडर माझ्यासमोर एवढ्या एका कृतीने मोकळी झाली होती.

हे सर्व तपासून, चारही प्लग काढूनही क्रँक हलत नसेल, तरच इंजिन आतून धरले आहे असे समजावे.

चालू स्थितीत उभी केलेली गाडी नुसती उभी राहून जाम कशी होते?

इंजिन बंद होते तेव्हा चारही पिस्टन बहुधा बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या पोकळीच्या) मध्याच्या आसपास थांबतात, कारण शेवटच्या दाबावर मात करून पुढे जाण्याइतका जोर फ्लायव्हीलमध्ये उरलेला नसतो. त्या स्थितीत एका सिलिंडरचा इनलेट व्हॉल्व्ह आणि दुसऱ्या एकाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहतो. याचा अर्थ चारपैकी साधारण दोन सिलिंडर कार्बोरेटर किंवा सायलेन्सर यांच्या वाटेने बाहेरच्या हवेला कायम उघडे असतात, तर उरलेले दोन बऱ्यापैकी बंद असतात. बोअरच्या भिंतीवरचा ऑइलचा पातळ थर काही महिन्यांत खाली निथळतो, दमट हवा आत शिरते, आणि बिडाचा बोअर व पिस्टनभोवतीच्या रिंगा यांच्या फटीत गंज धरतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक असल्यामुळे तो त्या फटीत पाचर ठोकल्यासारखा बसतो.

ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण पुढचा सगळा उपाय तिच्यावर उभा आहे. इंजिन ‘संपूर्ण’ जाम झालेले क्वचितच असते. एका किंवा दोन सिलिंडरमधील काही रिंगांनी बोअर धरलेला असतो. त्यामुळे किती जोर लावायचा हा प्रश्न नंतरचा असून, ते नेमके कुठे धरले आहे हे आधी शोधावे लागते.

नागपूरची हवा कोरडी असते. मग येथे गंज कशाने चढतो?

मुंबईच्या तुलनेत आपल्याकडच्या गाड्या पत्र्याने निश्चितच चांगल्या टिकतात. परंतु जून ते सप्टेंबर हे चार महिने येथेही पुरेसे दमट असतात. रात्री थंड झालेला बिडाचा ब्लॉक सकाळी लवकर तापत नाही आणि पावसाळ्यातील ओलसर हवा त्यावर दवासारखी जमते. टिनाच्या छपराखाली हा प्रकार अधिक होतो, कारण छप्पर दिवसा तापते तितक्याच झपाट्याने रात्री निवते.

आणखी एक कारण खास आपल्याकडचे आहे, ते म्हणजे कूलर. मार्चअखेरपासून पावसाळा सुरू होईपर्यंत खिडकीतल्या कूलरची ओली हवा खोलीतून आतल्या दाराने गॅरेजमध्ये जात राहते, आणि ज्या महिन्यांत गाडी कोरडी राहायला हवी त्याच महिन्यांत ती ओल पिते. कूलरच्या स्टँडखाली, टपकणाऱ्या पाण्यात उभी केलेली पद्मिनीही मी पाहिली आहे. गाडी कुठे उभी होती, हा माझा पहिला प्रश्न असतो. किती वर्षे उभी होती, हा दुसरा.

सेल्फ मारून किंवा दुसऱ्या गाडीने ओढून इंजिन सुटणार नाही का?

कधीकधी सुटते, आणि ज्यांचे सुटले ते लोक हा सल्ला आयुष्यभर देत फिरतात. ज्यांचा कनेक्टिंग रॉड वाकला, रिंगा तुटून बोअर ओरखडला किंवा फ्लायव्हीलचे दाते झडले, ते गप्प बसतात.

आमच्या घरच्या अँबेसिडरच्या बाबतीत हेच घडले. बोलावलेल्या मिस्त्रीने टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण) न उघडता दोन बॅटऱ्या जोडून सेल्फ मारला. इंजिन फिरले खरे, पण गाइडमध्ये चिकटलेला एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हलला नाही आणि त्याचा पुश रॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) धनुष्यासारखा वाकला. पाच मिनिटांची घाई आम्हाला हेड उतरवण्यापर्यंत घेऊन गेली.

मग सुरुवात कुठून करावी?

ऑइलपासून करावी. चेंबरचा (इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या भांड्याचा) ड्रेन नट पूर्ण न काढता दोन-तीन आटे सैल करून थांबावे. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसलेले असते आणि सर्वांत आधी तेच बाहेर येते. नुसते काळे ऑइल आले तर चिंता कमी. आधी पाणी आले तर ते हेड गॅस्केटमधून आले की वरून, याचा शोध पुढे घ्यावा लागेल. रेडिएटरमधील पाण्याची पातळी आणि त्यावर तेलकट तवंग आहे का, हेही त्याच वेळी पाहावे.

त्यानंतर प्लग काढावेत. प्रत्येक प्लग कोणत्या सिलिंडरचा आहे हे लिहून ओळीने मांडून ठेवले, तर गंजाने तपकिरी झालेला प्लग दोषी सिलिंडर बहुधा स्वतःच दाखवून देतो. मोबाइलला जोडता येणारा स्वस्त कॅमेरा प्लगच्या भोकातून आत सोडल्यास अंदाज पक्का होतो. शेवटी टॅपेट कव्हर उघडून रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात तो दांडा) सैल करावा किंवा उतरवावा. तसे केल्याने सर्व व्हॉल्व्ह आपापल्या स्प्रिंगने बंद होतात आणि क्रँक हलला तरी चिकटलेल्या व्हॉल्व्हमुळे पुश रॉड वाकण्याचा धोका राहत नाही. रॉकर काढल्यावरही एखादा व्हॉल्व्ह वर येत नसेल, तर त्याच्या दांडीवर पुढे सांगितलेले गंज सोडवणारे द्रव टाकून लाकडी मोगरीने हलकेच टकटक करावी.

सिलिंडरमध्ये नेमके काय ओतावे?

अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे ऑइल समप्रमाणात मिसळून केलेले द्रव मला सर्वांत उपयोगी वाटते. अॅसिटोन पातळपणामुळे बारीक फटीत शिरते आणि ऑइल सोबत नेते. नंतर ते उडून जाते आणि ऑइल मागे राहते. हे दोन्ही पदार्थ एकमेकांत नीट विरघळत नाहीत, म्हणून दरवेळी बाटली हलवून लगेच ओतावे. इतवारीत रसायनांच्या दुकानांतून अॅसिटोन सुटे मिळते. जुने मिस्त्री रॉकेल वापरीत, परंतु ते आता सहजासहजी मिळत नाही. डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रणही चालते, फक्त त्याला वेळ अधिक लागतो. फवारा मारण्याच्या डब्यांतील सर्वपरिचित द्रवे नट-बोल्टसाठी चांगली आहेत, पण बोअरमध्ये दीर्घकाळ मुरण्यासाठी ती फार लवकर उडून जातात.

प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण ५० मिलिलिटर द्रव पुरते. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे आणि जुन्या पेट्रोल अँबेसिडरचे १४८९ सीसीचे असले, तरी ही मात्रा दोघांनाही चालते. दोषी वाटणाऱ्या सिलिंडरमध्ये थोडे अधिक टाकावे.

येथे एक इशारा देणे भाग आहे. अॅसिटोन अत्यंत ज्वलनशील असून त्याची वाफ शून्याखालील तापमानालाही पेट घेऊ शकते. मग मे महिन्यातील ४५ अंशांत बंद गॅरेजमध्ये त्याचे काय होईल, याची कल्पना करावी. दारे उघडी ठेवावीत, बिडी-सिगारेट दूर ठेवावी, आणि रंगावर थेंब पडू देऊ नये, कारण तो रंग उतरवतो.

द्रव किती दिवस मुरू द्यावे?

किमान एक आठवडा. रोज सायंकाळी भोकातून पाहावे. द्रव खाली गेले असेल तर पुन्हा घालावे. एका सिलिंडरमधील द्रव रात्रीतून खाली चेंबरमध्ये उतरत असेल आणि दुसऱ्यात तीन दिवस जसेच्या तसे उभे असेल, तर गंजाने फट बुजलेला सिलिंडर तो दुसरा होय. तीन-चार आठवडे थांबावे लागले तरी त्यात काही वावगे नाही. जी गाडी वीस वर्षे उभी होती, तिला आणखी एक महिना जड जात नाही.

फिरवण्याचा प्रयत्न कसा करावा?

आधी खडू घ्यावा. क्रँक पुलीवर आणि तिच्या शेजारच्या टायमिंग कव्हरवर समोरासमोर एक बारीक रेघ ओढावी. जाम इंजिन पहिल्यांदा हलते तेव्हा ते हाताला कळत नाही. लांब पान्याच्या दांड्याची लवचीकताच हालचाल भासते. खडूची रेघ मात्र खोटे बोलत नाही.

क्रँकच्या पुढच्या नटावर घट्ट बसणारी गोटी (सॉकेट) आणि हातभर लांबीचा दांडा लावून एकसारखा दाब द्यावा, झटका देऊ नये. एका माणसाच्या ताकदीपलीकडे जाण्यासाठी दांड्यावर पाइप चढवण्याचा मोह आवरावा, कारण इंजिन सुटण्याआधी नट सुटतो किंवा तुटतो. ज्या गाडीला हँडलचा दातेरी नट आहे, तेथे हँडल एकाच दिशेने पकड घेते. उलट फिरवण्यासाठी सेल्फ काढून त्या खिडकीतून जाड स्क्रू ड्रायव्हरने फ्लायव्हीलचे दाते ढकलावेत. दोन्ही दिशांना आळीपाळीने दाब देणे महत्त्वाचे आहे.

वर्धमाननगरातील एका पद्मिनीवर मी आठ दिवस सकाळी दहा मिनिटे आणि सायंकाळी दहा मिनिटे हे करीत होतो. नवव्या दिवशी आतून ‘कट्’ असा सुपारी फुटल्यासारखा आवाज आला आणि दोन रेघांमध्ये काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढे अंतर दिसले. अशा वेळी उत्साहाने पूर्ण फेरा मारण्याची इच्छा होते, पण ती टाळावी. जेवढे पुढे गेले तेवढेच मागे आणावे, द्रव घालावे आणि पुन्हा पुढे न्यावे. दर खेपेला रेघ थोडी सरकते. सुटलेला गंज रिंगांसोबत वर-खाली फिरत असतो. त्याला द्रवात मिसळून खाली जाण्यास वेळ दिला नाही, तर तोच बोअर ओरखडतो.

गाडी गियरमध्ये टाकून ढकलणे योग्य आहे का?

टॉप गियरमध्ये टाकून दोन माणसांनी गाडी पुढे-मागे हलकेच झुलवणे योग्य आहे आणि अनेकदा परिणामकारकही ठरते. पुष्कळ लोक पहिला गियर टाकतात, ती चूक आहे. चाकाकडून इंजिनाकडे जाणारा जोर टॉप गियरमध्ये सर्वाधिक पोचतो. पहिल्या गियरमध्ये तो कित्येक पटींनी घटतो आणि फक्त चाके अडतात.

महिना झाला तरी रेघ हलली नाही. आता काय?

हेड न उतरवता करण्याजोगे दोन उपाय उरतात. पहिला उष्णतेचा आहे. पिस्टन अॅल्युमिनियमचा आणि बोअर बिडाचा असून, तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. रेडिएटरचे पाणी काढून ब्लॉकमध्ये आधी कोमट, मग कडकडीत गरम पाणी भरावे, निवू द्यावे आणि पुन्हा भरावे; या आकुंचन-प्रसरणाने गंजाची पकड ढिली पडते. ज्योत वापरू नये. सिलिंडरमध्ये अॅसिटोन असताना तर मुळीच नाही.

दुसरा उपाय ग्रीस गनचा आहे. रॉकर काढलेले असल्याने व्हॉल्व्ह बंद असतातच. जुन्या प्लगचा चिनी मातीचा भाग काढून त्याच्या लोखंडी कवचावर लेथवाल्याकडून ग्रीस निपल बसवून घ्यावे, दोषी सिलिंडर आधी ऑइलने काठोकाठ भरून घ्यावा आणि मग ग्रीस भरत जावे. ग्रीस दाबले जात नाही, त्यामुळे साध्या हातगनचाही प्रचंड दाब पिस्टनच्या संपूर्ण माथ्यावर सारखा पडतो. नंतरची सफाई कंटाळवाणी असते, पण हातोड्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सभ्य आहे.

हेड उतरवल्यास पुढे कसे जावे?

पद्मिनीचे हेड अॅल्युमिनियमचे असल्यामुळे ते स्टडांना धरून बसते. पटाशीने उचकटल्यास त्याची सपाटी कायमची बिघडते. स्टडांभोवती द्रव मुरवत ते सर्व बाजूंनी थोडे-थोडे उचलावे. अँबेसिडरचे हेड बिडाचे असल्याने हा त्रास कमी, वजन मात्र जास्त.

हेड निघाल्यावर पिस्टनच्या वर उघड्या राहिलेल्या बोअरवरील गंज बारीक पॉलिश पेपरने आधी पूर्ण साफ करावा, अन्यथा सुटलेला पिस्टन त्या कडेवर जाऊन पुन्हा अडतो. मग पिस्टनच्या माथ्यावर मावेल असा सागवानी ठोकळा ठेवून मोगरीने ठोकावे आणि त्याच वेळी दुसऱ्याने क्रँकवर दाब द्यावा. चार सिलिंडरमध्ये १ व ४ एकत्र वर-खाली होतात आणि २ व ३ त्यांच्या उलट जातात. म्हणून जो पिस्टन खाली जाणार आहे त्याच्यावरच ठोकायचे, हे आधी ठरवून घ्यावे. तरीही यश न आल्यास चेंबर उतरवून एकेका कनेक्टिंग रॉडची खालची टोपी सोडावी. जो पिस्टन सोडल्यावर क्रँक मोकळा फिरतो, तोच गुन्हेगार.

सप्टेंबर २०२३ च्या पुरात गाडी बुडाली होती. तिलाही हेच उपाय लागू होतात का?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या अनेक गाड्या बुडाल्या. अशा गाडीत स्वच्छ ओल नव्हे, तर गाळ असतो. तो सेल्फ, डायनामो, गियरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलमध्येही शिरतो. इंजिन सुटले तरी बेअरिंगमधील वाळू त्याला थोड्याच किलोमीटरांत संपवते. येथे माझे मत स्पष्ट आहे: पुरातील इंजिन सोडवण्यात दिवस न घालवता ते सरळ उतरवून पूर्ण उघडावे.

इंजिन हाताने फिरू लागले. लगेच चालू करावे का?

नाही. सर्वप्रथम सिलिंडरमधील उरलेले द्रव पिचकारीने ओढून काढावे. द्रव दाबले जात नाही, त्यामुळे ते आत असताना प्लग बसवून सेल्फ मारल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लगच्या भोकांवर जाड कापड टाकून इंजिन हाताने काही फेरे फिरवावे. उरलेले तांबूस पाणी त्या कापडावर उडते आणि डोळे वाचतात.

चेंबरमधील ऑइल आता गंज आणि अॅसिटोनने भरलेले आहे. ते टाकून नवे ऑइल व फिल्टर घालावा. रॉकर बसवून टॅपेट लावावेत (व्हॉल्व्हची फट जुळवावी). प्लग न लावताच सेल्फवर इंजिन फिरवून ऑइल वर, रॉकरपर्यंत पोचल्याचे डोळ्यांनी पाहावे. बॅटरी जोडताना कोणते टोक बॉडीला आहे ते तपासावे, कारण इंग्रजी वंशाच्या जुन्या गाड्यांत ‘प्लस’ बॉडीला जोडण्याची पद्धत होती. नंतर कंप्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजावे. एखादा सिलिंडर कमी दाखवीत असल्यास त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे: आकडा वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर व्हॉल्व्हचा.

टाकीतले जुने पेट्रोल वापरूच नये. पहिल्या दिवशी बाहेर ठेवलेल्या छोट्या डब्यातून ताजे पेट्रोल द्यावे आणि टाकी-कार्बोरेटरची सफाई स्वतंत्रपणे करावी. निळा-पांढरा धूर निघेल. तो पंधरा-वीस मिनिटांत विरळ होत गेला तर काळजीचे कारण नाही. सुमारे १०० किलोमीटर झाल्यावर ऑइल पुन्हा बदलावे.

बोअरिंग करून नवे पिस्टन घालावेच लागतात का?

नेहमी नाही. चिकटलेल्या रिंगा चालता-चालता मोकळ्या होतात आणि कंप्रेशन सुधारते. म्हणून पाचशे किलोमीटरपर्यंत निर्णय राखून ठेवावा. बोअरच्या भिंतीवर नखाला लागतील असे खड्डे असतील, तर मात्र बोअरिंग करून (बोअर कापून मोठा करून) वीस किंवा चाळीसचा, म्हणजे मूळपेक्षा मोठ्या मापाचा, पिस्टन घालण्याखेरीज मार्ग नाही.

इंजिन चालते, पण गियर पडत नाही.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली आहे. इंजिन चांगले तापू द्यावे, ते बंद करावे, टॉप गियर टाकून क्लच पूर्ण दाबावा, आणि मोकळ्या मैदानात सेल्फने गाडीला एक-दोन झटके द्यावेत. बहुधा ती सुटते.

कागदपत्रांचे काय?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते व नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागते, म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी आरसी बुक शोधावे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरील, मूळ रूपातील गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करता येते.

गाडी पुन्हा वर्षभर ठेवून द्यायची असल्यास काय करावे?

इंजिन गरम करून ताजे ऑइल घालावे, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे ऑइल सोडून हाताने दोन फेरे फिरवावे, कार्बोरेटरच्या तोंडाला व सायलेन्सरला तेलकट फडके कोंबावे, आणि कूलरपासून गाडी दूर उभी करावी. महिन्यातून एकदा प्लग काढून क्रँक सव्वा फेरा फिरवला की पिस्टन नव्या जागी थांबतात. शेवटी एका पुठ्ठ्यावर ‘सायलेन्सरमध्ये फडके आहे, सिलिंडरमध्ये ऑइल आहे, सेल्फ मारू नये’ असे लिहून तो स्टिअरिंगला सुतळीने बांधावा. दिवाळीच्या साफसफाईत किल्ली कोणाच्या हाती लागेल, हे सांगता येत नाही.